वरून आलेला सलोखा

रवांडात गेली काही वर्षे तुरुंगांतून माणसे घरी परतत आहेत. १९९४ च्या वंशसंहारात शेजाऱ्यापाजाऱ्यांना मारल्याबद्दल ज्यांना वीस, पंचवीस, तीस वर्षांच्या शिक्षा झाल्या होत्या, त्यांच्या शिक्षा आता पुऱ्या होत आहेत. ऐन उमेदीत आत गेलेली ही माणसे उतारवयात बाहेर येतात आणि आपल्या जुन्या टेकडीवर, जिथे त्यांनी हत्या केल्या तिथेच, राहायला जातात. दुसरीकडे जाण्याचा विचार फारसा कोणी करत नाही, कारण जागाच नाही. पुणे आणि सातारा हे दोन जिल्हे एकत्र केले तर जेवढे क्षेत्रफळ होईल जवळपास तेवढ्या या देशात, २०२२ च्या जनगणनेनुसार, १ कोटी ३२ लाख लोक राहतात. त्यांतले बहुसंख्य शेतीवर जगणारे, आणि शेतेही अशी तुटपुंजी की बांधाला बांध लागलेला. ज्याने आपल्या आईला मारले त्याच्या केळीच्या बागेतून पाण्याला जाण्याची वाट असेल, तर त्या वाटेने जायचे की नाही हे रोज सकाळी ठरवावे लागते. समेटाविषयी बोलताना आपण अंतःकरणाच्या परिवर्तनाची भाषा वापरतो. रवांडात तो आधी वहिवाटीचा प्रश्न आहे.

मुलगी नोकरीनिमित्त किगालीत होती तेव्हा माझे तिथे राहणे झाले, आणि गोरिला पाहायला उत्तरेकडे जाण्याऐवजी मी राजधानीच्या दक्षिणेला असलेल्या बुगेसेरा या एकाच जिल्ह्यात पुन्हा पुन्हा जात राहिले. रवांडाचा गेल्या सहा-सात दशकांचा इतिहास या एका जिल्ह्यात पाहायला मिळतो. किगालीतून निघून न्याबारोंगो नदीचा पूल ओलांडला की टेकड्या बसक्या होतात, हवा कोरडी होते आणि नदीच्या दोन्ही अंगांना पपायरसने भरलेल्या दलदली लागतात. १९५९ पासून, बेल्जियन राजवटीच्या शेवटच्या काळात, अल्पसंख्य तुत्सी जमातीची घरे जाळली जाऊ लागली तेव्हा हजारो तुत्सी युगांडा, बुरुंडी, काँगोकडे पळाले. जे पळाले नाहीत त्यांतल्या अनेकांना मालमोटारींत भरून बुगेसेरात आणून सोडण्यात आले. त्सेत्से माश्या, निद्रारोग आणि जंगली श्वापदे यांमुळे तिथे तोवर फारशी वस्ती नव्हती. ही माणसे तिथे टिकणार नाहीत असाच हिशेब असावा. पण ती टिकली. त्यांनी जंगल तोडले, ज्वारी, घेवडा आणि केळी लावली, गाई पाळल्या. पुढे दाट वस्तीच्या प्रदेशांतले, देशात बहुसंख्य असलेल्या हुतू जमातीचे शेतकरीही जमिनीच्या शोधात तिथे आले आणि शेजारी झाले. दोघांची भाषा एक, देव एक, खाणे-पिणे एक. वेगळेपण लिहिलेले होते ते १९३० च्या दशकात बेल्जियनांनी सुरू केलेल्या ओळखपत्रावर, आणि ते ओळखपत्र बापाकडून मुलाकडे वारशासारखे येत होते.

१९९४ चे हत्याकांड एका रात्रीत भडकले, हा समज बुगेसेराच्या इतिहासापुढे टिकत नाही. मार्च १९९२ मध्येच तिथे रंगीत तालीम झाली होती. सरकारी नभोवाणीने एक बनावट पत्रक पुन्हा पुन्हा वाचून दाखवले, तुत्सी मोठ्या हुतू नेत्यांना मारणार आहेत अशी आवई त्यातून उठली, आणि पुढचे काही दिवस जिल्ह्यात घरे जळत राहिली, शेकडो माणसे मारली गेली. न्यामाता गावात कित्येक वर्षे काम करणारी आंतोनिया लोकातेल्ली ही इटालियन बाई फोनवरून परदेशी वार्ताहरांना सांगत होती की हा लोकक्षोभ नाही, हे घडवून आणलेले आहे. तिला गोळी घालण्यात आली. न्यामाताच्या चर्चच्या आवारात तिची कबर आहे. त्या वेळी सरकारी नभोवाणीचा कारभार ज्याच्याकडे होता त्या फर्दिनांद नाहिमानाने पुढे आरटीएलएम हे खासगी नभोवाणी केंद्र उभारण्यात पुढाकार घेतला, आणि तुत्सींना झुरळे म्हणणारे ते केंद्र १९९४ मध्ये कोणाला कुठे शोधायचे हे सांगू लागले.

६ एप्रिल १९९४ च्या रात्री राष्ट्राध्यक्ष हब्यारिमाना यांचे विमान किगालीवर पाडले गेले. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान अगाथ उविलिंगियिमाना यांची हत्या झाली. त्या स्वतः हुतू होत्या, पण तुत्सी बंडखोरांशी समझोता करण्याच्या बाजूच्या होत्या. त्यांच्या रक्षणासाठी पाठवलेल्या दहा बेल्जियन शांतिसैनिकांनाही मारण्यात आले. पुढच्या सुमारे १०० दिवसांत आठ ते दहा लाख माणसे मारली गेली, मुख्यतः तुत्सी, आणि या कत्तलीला विरोध करणारे हुतूही. संयुक्त राष्ट्रांचे सुमारे अडीच हजार सैनिक रोमेओ दालेर या कॅनेडियन सेनानींच्या हाताखाली तिथेच होते. २१ एप्रिलला सुरक्षा परिषदेने त्यांची संख्या वाढवण्याऐवजी २७० वर आणण्याचा ठराव केला. त्याच महिन्याच्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेतली पहिली सर्ववंशीय निवडणूक होती. त्या दिवसांतल्या वर्तमानपत्रांचे मला आठवते ते पहिल्या पानावरचे मंडेलांचे हसरे छायाचित्र. रवांडाची बातमी आत कुठेतरी असेल.

न्यामाताच्या चर्चमध्ये हजारो लोक आश्रयाला आले होते, कारण पूर्वीच्या दंग्यांत चर्चने अभय दिल्याचा त्यांचा अनुभव होता. हातबॉम्बने दार फोडून मारेकरी आत शिरले. आज तिथे बाकांवर मेलेल्यांचे कपडे रचून ठेवले आहेत. ते पाहण्यापूर्वी मी त्याविषयी वाचले होते, तरी त्या ढिगांजवळ उभे राहिल्यावर लक्षात येते ते वेगळेच: मातीच्या रंगाचे झालेले ते कापड मुळात फुलाफुलांचे होते, शाळेच्या गणवेशाचे निळे होते, लहान मुलाच्या स्वेटरचे होते, आणि बराच वेळ पाहिल्यावर एकेक रंग दिसू लागतो. पत्र्याच्या छपराला गोळ्यांनी आणि बॉम्बच्या कपच्यांनी पडलेली भोके आहेत. मागच्या अंगाला भूमिगत कबरी आहेत आणि आसपासच्या टेकड्यांवरून आणलेल्या अवशेषांसह सुमारे ४५,००० माणसे तिथे पुरलेली आहेत. २०२३ मध्ये युनेस्कोने न्यामातासह चार स्मृतिस्थळे जागतिक वारशाच्या यादीत घेतली.

एवढी माणसे एवढ्या थोड्या दिवसांत, मुख्यतः कोयत्यांनी आणि सोट्यांनी, कशी मारली गेली या प्रश्नाचे जे उत्तर मला सगळ्यांत पटते ते द्वेषापेक्षा कारभाराविषयीचे आहे. रवांडात सरकारची उतरंड राजधानीपासून प्रांत, कम्यून, सेक्टर, सेल अशी थेट दहा-दहा घरांच्या गटापर्यंत पोचलेली होती, आणि वरून आलेला हुकूम दोन दिवसांत शेवटच्या घरी पोचत असे. बुतारे प्रांताचे प्रमुख जाँ-बाप्तिस्त हब्यालिमाना हे त्या वेळचे एकमेव तुत्सी प्रांतप्रमुख होते, आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत त्यांनी आपला प्रांत बऱ्याच अंशी शांत ठेवला होता. त्यांना पदावरून काढण्यात आले. १९ एप्रिलला हंगामी राष्ट्राध्यक्षांनी बुतारेत येऊन, हे ‘आपले काम नाही’ म्हणणाऱ्यांना दूर करा अशा आशयाचे भाषण केले, आणि तिथे कत्तल सुरू झाली. ताबा या कम्यूनचा प्रमुख जाँ-पॉल अकायेसू याची कथा तर जास्तच बोलकी आहे. १८ एप्रिलपर्यंत तो मारेकऱ्यांना अडवत होता. त्या दिवशी हंगामी सरकारने कम्यूनप्रमुखांची बैठक घेतली, आणि तिथून परतलेला अकायेसू मारेकऱ्यांचा म्होरक्या झाला. २ सप्टेंबर १९९८ रोजी टांझानियातल्या अरुशा इथे संयुक्त राष्ट्रांनी स्थापन केलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने त्याला दोषी ठरवले. वंशसंहारासाठी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दोषी ठरवलेला तो पहिला माणूस, आणि बलात्कार हा वंशसंहाराचा भाग असू शकतो हेही त्याच निकालाने पहिल्यांदा मान्य केले. त्या खंडपीठावर दरबानच्या तमिळ कुटुंबात जन्मलेल्या नवनेतम पिल्ले या एकमेव स्त्री न्यायाधीश होत्या. साक्षींतून बलात्काराचा विषय पुढे आल्यावर तो दडपला गेला नाही, यात त्यांचा वाटा मोठा होता.

ही उतरंड मी एवढ्या विस्ताराने सांगते आहे ती एका कारणासाठी. नंतरचा सलोखाही याच उतरंडीवरून खाली आला.

जुलै १९९४ मध्ये रवांडन पेट्रिऑटिक फ्रंट या निर्वासित तुत्सींच्या बंडखोर सैन्याने किगाली घेतले आणि वंशसंहार थांबवला. नव्या सरकारच्या हाती काय आले? तिजोरी रिकामी, वकील-न्यायाधीश मेलेले किंवा पळालेले, वीसेक लाख लोक सीमेपलीकडे छावण्यांत, आणि थोड्याच वर्षांत तुरुंगांत कोंबलेले सव्वा लाखाच्या आसपास आरोपी. साध्या न्यायालयांच्या वेगाने हे खटले निकाली काढायला शंभरावर वर्षे लागली असती. अरुशाच्या न्यायाधिकरणाने वीस वर्षांच्या आयुष्यात ९३ जणांवर आरोप ठेवले. ते मोठे मासे होते. उरलेल्यांसाठी गचाचा आली: गावच्या गवतावर भरणाऱ्या जुन्या पंचायतीला कायद्याचा अंगरखा चढवून तयार केलेली न्यायालये. २००२ मध्ये ती काही ठिकाणी प्रयोगादाखल सुरू झाली, २००५ पासून देशभर चालली आणि जून २०१२ मध्ये बंद झाली. सुमारे १२,००० न्यायालये आणि जवळपास २० लाख खटले, त्यांतले १३ लाखांवर मालमत्तेच्या लुटीचे. न्यायाधीश गावानेच निवडलेले, काही दिवसांचे प्रशिक्षण घेतलेले, बिनपगारी. वकील नाही. आठवड्यातून एक दिवस दुकाने बंद ठेवून सगळ्यांनी हजर राहायचे, आणि कबुली देऊन क्षमा मागणाऱ्याची शिक्षा कमी व्हायची, उरलेली अर्धी रस्ते-घरे बांधण्याच्या सक्तीच्या कामात फिटायची.

गचाचावर टीका पुष्कळ झाली आणि ती बव्हंशी रास्त आहे. जमिनीच्या जुन्या वादातून खोटे आरोप झाले, साक्षीदारांना धमक्या आल्या, काहींना मारण्यातही आले, आणि बलात्काराच्या पीडितांना ज्या गावात जगायचे त्याच गावापुढे बोलण्याची पाळी आली, पुढे बंद दाराआड सुनावणीची सोय झाली तरी. लुटलेल्या कौलांची, दरवाजांची, गाईंची भरपाई अनेकांना मिळालीच नाही, कारण देणाराही दरिद्रीच होता. पण वाचलेल्यांनी दिलेल्या मुलाखती वाचताना एक गोष्ट वारंवार दिसते. न्याय मिळाला का या प्रश्नावर ती माणसे अडखळतात, पण प्रेत सापडले का या प्रश्नावर त्यांचे उत्तर नेमके असते. कोणत्या शौचकुपात, कोणत्या ज्वारीच्या शेतात, कोणत्या दलदलीच्या कडेला टाकले हे मारेकऱ्यालाच ठाऊक असते. कबुलीची सवलत अपमानास्पद वाटूनही अनेकांनी ती पचवली, ती या एका माहितीसाठी. आजही ती पुरी मिळालेली नाही. २०२४ च्या सुरुवातीला दक्षिणेच्या हुये जिल्ह्यात एका घराखालची जमीन खोदताना शेकडो माणसांचे अवशेष निघाले. त्या घरात आणि आजूबाजूला लोक इतकी वर्षे राहत होते.

न्यायाबरोबरच बाकी सारेही त्याच यंत्रणेने उभे केले. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी उमुगांडा नावाचे श्रमदान असते. आठ ते अकरा किगालीचे रस्ते ओस पडतात, सगळे नाले उपसायला किंवा झाडे लावायला बाहेर असतात, आणि काम आटोपल्यावर तिथेच सभा होऊन वरच्या सूचना सांगितल्या जातात. मुलीच्या शेजाऱ्यांबरोबर मीही एकदा खोरे हातात घेतले होते. गप्पा, थट्टा, घाम, सगळे छान. नंतर कळले की उमुगांडाची सरकारी पद्धत हब्यारिमानांच्याच काळात रूढ झाली होती आणि १९९४ मध्ये मारेकरी आपल्या कृत्याला ‘काम’ म्हणत असत. साधन तेच, उपयोग उलटा. आणि हा उलटा उपयोग परिणामकारक ठरला हे नाकारणे खोटेपणाचे होईल. दहापैकी आठ-नऊ माणसांना सामूहिक आरोग्य विमा आहे, नव्वदीच्या दशकात कोसळलेले सरासरी आयुर्मान पासष्टच्या पुढे गेले आहे, २००८ मध्ये संसदेत स्त्रियांचे बहुमत होणारा हा जगातला पहिला देश ठरला, ओळखपत्रावरून हुतू-तुत्सी हा रकाना गेला, आणि २००७ मध्ये फाशीची शिक्षा रद्द झाली. गरीब कुटुंबाला एक गाय देण्याची गिरिंका योजना २००६ ची. मिळालेल्या गाईची पहिली कालवड दुसऱ्या गरजू घरी द्यायची असा तिचा नियम आहे, आणि कालवड देणारे घर मारेकऱ्याचे व घेणारे वाचलेल्याचे, किंवा उलट, असेही घडते. गाय भेट देणे हे तिथे मैत्रीचे सर्वांत मोठे लक्षण मानतात. जुलै २०१८ मध्ये नरेंद्र मोदींनी बुगेसेरातल्याच रवेरू गावात या योजनेसाठी २०० गाई दिल्या होत्या. आपल्याकडे त्या बातमीची बरीच टिंगल झाल्याचे मला आठवते, आणि टिंगल करणाऱ्यांना त्या गाईचा तिथला अर्थ माहीत नव्हता.

आता एका सरकारी आकड्याविषयी. रवांडाच्या राष्ट्रीय एकता आणि समेट आयोगाने २०२० मध्ये केलेल्या पाहणीत देशातला समेट ९४.७ टक्क्यांवर पोचल्याचे म्हटले होते. त्याआधी २०१५ मध्ये तो आकडा ९२.५ होता. दुखवलेल्या माणसांच्या मनाचे मोजमाप दशांश चिन्हापर्यंत होऊ शकते असे मानणाऱ्यांशी मला वाद घालायचा नाही, पण सरकारने नेमलेला माणूस वहीपेन घेऊन दारात येतो आणि तुमचा शेजाऱ्यावर विश्वास आहे का असे विचारतो, तेव्हा पिढ्यान्पिढ्या सरकारचे ऐकण्यात वाढलेला शेतकरी काय उत्तर देईल? २०२४ च्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्ष पॉल कागामे यांना ९९ टक्क्यांहून अधिक मते मिळाली. हे दोन आकडे मी नेहमी शेजारी शेजारी ठेवून वाचते.

बुगेसेरातच म्ब्यो नावाचे ‘समेटाचे गाव’ आहे. एका ख्रिस्ती तुरुंग-सेवा संस्थेच्या पुढाकाराने सुटून आलेल्या मारेकऱ्यांनी आणि वाचलेल्यांनी मिळून तिथे घरे बांधली आणि दोघे आलटून पालटून, भिंतीला भिंत लावून नव्हे पण हाकेच्या अंतरावर, राहतात. पाहुणे आले की झाडाखाली बाके मांडली जातात. आम्ही गेलो तेव्हा आधी एका म्हाताऱ्याने त्याने कोणाला मारले ते सांगितले, मग एका बाईने तिचे कोण मेले ते सांगितले, आणि शेवटी दोघांनी एकमेकांच्या मुलांना सांभाळतो असे सांगितले. दुभाष्याला वाक्ये पाठ होती. कथनाला पुनरावृत्तीने आलेली गुळगुळीत झिलई होती. नंतर बायकांनी विणलेल्या टोपल्या विकायला ठेवल्या होत्या त्या आम्ही घेतल्या. परतताना मुलगी म्हणाली, “आई, हे सगळं बसवलेलं आहे.” मला तेवढे सरळ म्हणवेना. बसवलेले असेल, घर मिळते म्हणून काही जण आले असतील, पाहुण्यांसमोर बोलायचे शिकवलेही असेल. पण पाहुणे गेल्यावर त्या बाईला संध्याकाळी घासलेट किंवा मीठ मागायला त्याच घरी जावे लागते, आणि ती जाते. म्हातारा बोलत असताना ती त्याच्याकडे एकदाही पाहत नव्हती. मात्र त्याची काठी घसरून पडली, तेव्हा न पाहताच ती उचलून तिने त्याच्या हातात दिली. हा प्रकार तालमीत बसवता येत असेल असे मला वाटत नाही. त्याला क्षमा म्हणायचे की निव्वळ सवय, हे मात्र मला आजही ठरवता येत नाही.

हा सलोखा जिथे खरोखर कच्चा आहे ती जागा वेगळी आहे. वरून आलेल्या सलोख्याने कोणते दुःख बोलायचे हेही वरूनच ठरवले. १९९४ मध्ये आणि नंतर विजयी सैन्याने केलेल्या हत्या, एप्रिल १९९५ मध्ये किबेहोच्या विस्थापितांच्या छावणीवर झालेला गोळीबार, काँगोच्या जंगलात मेलेले हुतू निर्वासित, यांच्यासाठी गचाचाच्या गवतावर जागा नव्हती. २००४ च्या कायद्याने युद्धगुन्हे त्यांच्या कक्षेतून वगळले होते. हे बोलताना तराजू सांभाळावा लागतो, कारण वंशसंहार नाकारणारे लोक ‘दोन्ही बाजूंनी झाले’ हेच वाक्य वापरतात, आणि दोन्ही बाजूंनी एकच गोष्ट झालेली नाही. एका बाजूला संपूर्ण जमात नष्ट करण्याचा सरकारी बेत होता, दुसऱ्या बाजूला सूडाच्या आणि युद्धाच्या हत्या होत्या. पण ज्याचा बाप मेला त्याला हा फरक सांगून त्याचे रडणे थांबवता येत नाही. व्हिक्त्वार इंगाबिरे या विरोधी नेत्या जानेवारी २०१० मध्ये परदेशातून परतल्या आणि किगालीतल्या गिसोझी इथल्या वंशसंहार स्मारकावर त्यांनी मेलेल्या हुतूंचीही आठवण काढली. पुढे कटाच्या आणि वंशसंहाराला क्षुल्लक ठरवल्याच्या आरोपांवरून त्यांना वरच्या न्यायालयाने १५ वर्षांची शिक्षा दिली. २०१८ मध्ये माफी मिळाली, जून २०२५ मध्ये पुन्हा अटक झाली.

इंगाबिरे निदान राजकारणी होत्या. किझितो मिहिगो या गायकाचे प्रकरण मला जास्त अस्वस्थ करते. तो स्वतः तुत्सी, वंशसंहारात बाप गमावलेला, दरवर्षी एप्रिलच्या स्मृतिसप्ताहात सरकारी कार्यक्रमांत गाणारा, तुरुंगांत जाऊन समेटाचे काम करणारा. २०१४ मध्ये त्याने एका गीतात सूडात मेलेल्यांसाठीही प्रार्थना केली. थोड्याच दिवसांत तो अटकेत होता, आणि २०१५ मध्ये कटाच्या आरोपाखाली त्याला १० वर्षांची शिक्षा झाली. २०१८ मध्ये त्यालाही माफी मिळाली. फेब्रुवारी २०२० मध्ये बुरुंडीच्या सीमेजवळ त्याला पुन्हा पकडण्यात आले आणि काही दिवसांतच पोलीस कोठडीत त्याचा मृत्यू झाला. पोलिसांनी आत्महत्या म्हटले. मानवी हक्क संघटनांनी स्वतंत्र चौकशीची मागणी केली, ती झाली नाही. समेटाविषयी जाहीर बोलण्याचा अधिकार या माणसाइतका फार थोड्यांना होता.

सीमेपलीकडे तर समेट हा शब्दही उच्चारता येत नाही. १९९४ चे मारेकरी काँगोत पळाले, त्यांच्या अवशेषांतून उभी राहिलेली एफडीएलआर ही संघटना अजून तिथे आहे, आणि ती कारण म्हणून पुढे करत रवांडाने गेली तीस वर्षे पूर्व काँगोत हात राखला आहे. जानेवारी २०२५ मध्ये एम-२३ या बंडखोरांनी तिथले गोमा शहर घेतले. रवांडाचे सैनिक त्यांच्या बरोबरीने लढत असल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी वारंवार नोंदवले आहे आणि किगाली ते नाकारत आली आहे. जून २०२५ मध्ये दोन्ही देशांनी वॉशिंग्टनमध्ये करारावर सह्या केल्या. घरात सलोखा आणि कुंपणापलीकडे युद्ध, हे फार काळ चालणारे नाही, कारण तिकडचे हुतू-तुत्सी इकडच्यांचे नातेवाईकच आहेत.

रवांडातली निम्म्याहून अधिक माणसे १९९४ नंतर जन्मलेली आहेत. त्यांच्यातही सरकारी व्याख्येत न बसणारी एक तुकडी आहे: बलात्कारांतून जन्मलेली मुले. ती १९९४ च्या शेवटी किंवा १९९५ मध्ये जन्मली, म्हणून वाचलेल्यांसाठीच्या मदत निधीच्या लेखी ती ‘वाचलेली’ नव्हती. आईला औषधपाण्याची मदत मिळे, मुलाच्या शाळेची फी मिळत नसे. आईच्या माहेरी ते मारेकऱ्याचे मूल, बापाकडच्यांना ते मान्यच नाही. २०१८ च्या एका सरकारी आरोग्य पाहणीत वाचलेल्यांपैकी ३५ टक्के लोकांत नैराश्याची लक्षणे आढळली होती, सर्वसाधारण लोकसंख्येत हेच प्रमाण १२ टक्क्यांच्या आसपास होते. दर एप्रिलमध्ये स्मृतिसभांत माणसे किंचाळत कोसळतात, आणि त्यांना उचलून बाजूला नेण्यासाठी प्रशिक्षित स्वयंसेवक आधीपासून उभे असतात.

कागामे १९५७ चे आहेत. ज्या उतरंडीवर सगळे उभे आहे तिच्या टोकाला त्यांच्यानंतर कोण, हे उघडपणे कोणी विचारत नाही. खालच्या पायरीवर उभ्या असलेल्या माणसाने सलोखा मनापासून स्वीकारला आहे की फक्त पाळला आहे, याची परीक्षा तेव्हाच होईल.

हुकूम मोडल्याची उदाहरणे मात्र त्या देशात आहेत, आणि त्यांतले सगळ्यांत ठळक उदाहरण शाळकरी मुलांचे आहे. मार्च १९९७ मध्ये पश्चिमेकडच्या न्यांगे गावातल्या शाळेवर काँगोतून आलेल्या बंडखोरांनी रात्री हल्ला केला आणि वर्गातल्या मुलांना हुतू एका बाजूला, तुत्सी दुसऱ्या बाजूला व्हायला सांगितले. मुलांनी वेगळे व्हायला नकार दिला, आम्ही सगळे रवांडन आहोत असे सांगितले, आणि त्यांच्यावर बॉम्ब व गोळ्या टाकण्यात आल्या. सहा मुले मेली. तेव्हा समेट आयोगही नव्हता, गचाचाही नव्हती, कोणताही सरकारी कार्यक्रम त्या वर्गापर्यंत पोचलेला नव्हता. आज त्या मुलांना राष्ट्रीय वीरांचा दर्जा आहे आणि दर १ फेब्रुवारीला त्यांचे स्मरण होते. त्यांनी वरचा हुकूम मोडला होता, ही बाजू त्या भाषणांत थोडी मागे राहते.

तशाच, वरच्या हुकमाविना चालणाऱ्या एका गोष्टीकडे माझे अलीकडे लक्ष असते. २००५ मध्ये उत्तरेकडच्या ब्युंबा भागात अँग्लिकन चर्चच्या मदतीने समाजोपचाराचे लहान गट सुरू झाले आणि पुढे ते बुगेसेरातही आले. दहा-पंधरा माणसे, त्यांत वाचलेल्या बायका, सुटून आलेले कैदी, कैद्यांच्या बायका, दोन्हीकडची तरुण मुले, आठवड्यातून एकदा सुमारे तीन तास, पंधरा आठवडे एकत्र बसतात. गावातलेच दोन जण गट चालवतात, गावचा अधिकारी तिथे नसतो, आणि काय बोलायचे याची यादी वरून येत नाही. क्रम तेवढा ठरलेला असतो: आधी सुरक्षितता, मग विश्वास, मग काळजी, मग आदर, मग पुढे कसे जगायचे याचा विचार. १९९४ विषयी बोलायचे ते सगळ्यांत शेवटी, आणि तेही ज्याला बोलायचे असेल त्यानेच. पहिल्या काही आठवड्यांत बहुतेक वेळ बांधाच्या कुरबुरी, शेळीने खाल्लेले पीक आणि न फेडलेली उधारी यांवरच जातो, आणि गट चालवणारे तो तसा जाऊ देतात.